कसंतरी होतंय

‘कसंतरी होतंय’ ही तक्रार केसपेपरवर उतरत नाही. नक्की काय होतंय, असं डॉक्टर विचारतात आणि सांगणारी गप्प होते. माझ्या मते ही जाणीव दैवी संकेत नाही आणि मनाचे खेळही नाहीत. ती एक तुलना आहे. लॅबचा रिपोर्ट आपल्याला इतर असंख्य माणसांशी ताडून पाहतो, आपण स्वतःला कालच्या स्वतःशी ताडतो. दोन जिने चढल्यावर आपल्याला किती दम लागतो, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 515 अमेरिकन स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला जीन मॅक्स्वीनी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. झटक्याच्या महिनाभर आधीपासून नेहमीपेक्षा वेगळाच थकवा येत होता, असं त्यांतल्या सुमारे 71 टक्के जणींनी सांगितलं. जवळपास निम्म्या जणींची झोप बिघडली होती. त्या काळात छातीत अस्वस्थ वाटल्याचं सांगणाऱ्या मात्र एक तृतीयांशही नव्हत्या. म्हणजे सगळे जे लक्षण विचारतात, ते बहुतेकींना नव्हतंच.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. झटका येऊन गेल्यावर माणूस मागचं सगळं त्याच उजेडात आठवतो, आणि थकवा तर घरोघरी असतो. म्हणूनच नुसत्या जाणिवेला वजन नाही, तिला तारखा हव्यात. बीजाशयाच्या कर्करोगाबाबत बार्बरा गॉफ यांच्या गटाने 2007 साली हेच केलं. पोट फुगणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, चार घासांत पोट भरणं या साध्या तक्रारी वर्षभराच्या आत सुरू झालेल्या असतील आणि महिन्यातून 12 हून अधिक दिवस होत असतील, तर तपासणी करावी, असा निकष त्यांनी मांडला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या निम्म्याहून थोड्याच अधिक रुग्ण त्यात सापडल्या. पण ज्या रोगाला ‘मुका’ म्हणत आले, त्याच्या बाबतीत हे थोडं नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: शरीर पुष्कळदा काहीच बोलत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाआधीचे बदल कुणालाही जाणवत नाहीत. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. त्या स्त्रियांना आतून काही जाणवण्याची वाट पाहिली असती, तर उशीर झाला असता. तेव्हा ‘मला काही होत नाही’ या भरवशावर तपासणी टाळणं चूकच. पण शांत शरीरावर विसंबता येत नाही, म्हणून बोलणाऱ्या शरीराचंही ऐकू नये, हे मला पटत नाही.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढतात, विशेषतः बायका. तसं करू नका. काय बदललं, कधीपासून, महिन्यातून किती दिवस, एवढं कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी न वाचताच बाजूला सारला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.