मालाकारांचा मासिक नेम

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेच पाहिजे असा काही दंडक नाही. उत्तम शिकवणारे आणि आयुष्यात चार पानेही न छापलेले गुरुजन आपण सर्वांनी पाहिले आहेत. तरीही मराठीच्या अध्यापनात वीसेक वर्षे घालवल्यावर आम्हांस असे वाटू लागले आहे की, न लिहिणाऱ्या शिक्षकाचे वाचनही हळूहळू थिजत जाते. पुस्तके हाती येत नाहीत असे नव्हे. ती वाचून मनात नेमके काय उरले, याचा हिशेब मागणारे कोणी नसते. वर्गात घंटा वाजते आणि अर्धे राहिलेले वाक्य तसेच राहून जाते. कागदावर ते राहू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आजचा प्राध्यापक पूर्वीपेक्षा अधिकच लिहितो. खरे आहे. शोधनिबंधांची संख्या वाढली आहे. पण त्यांतील पुष्कळसे लेखन चर्चासत्राच्या निमंत्रणाने सुरू होते आणि पदोन्नतीच्या गुणांची बेरीज पुरी झाली की संपते. अशा लेखनाला निमित्त असते, सातत्य नसते. आम्हांस येथे विचार करायचा आहे तो नेमाने, ठरल्या तारखेला केलेल्या लेखनाचा. आणि त्यासाठी आपल्या गद्यातले सर्वांत ठळक उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे.

१८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा विष्णुशास्त्री अवघे तेवीस वर्षांचे होते आणि सरकारी शाळेत शिकवीत होते. मासिकाचे एकंदर ८४ अंक निघाले. ते जवळजवळ सर्व त्यांनी एकट्याने लिहिले. ‘मालाकार’ हे नाव त्यांना उगीच मिळालेले नाही. १८८२ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते वारले, म्हणजे त्यांचे बहुतेक सारे कर्तृत्व या मासिक नेमाच्या काळातच सामावलेले आहे. आपण अभ्यासक्रमात ‘निबंधमाले’तील दोन-तीन निबंध सुटे काढून शिकवतो, तेव्हा हा नेम दृष्टीआड होतो. सिद्ध शैलीचा एक लेखक तेवढा समोर राहतो. वस्तुतः ती शैली महिन्यामागून महिन्याने घडत गेलेली आहे.

या नेमाचा एक नमुना त्यांच्यासमोर होता. ‘माले’त ज्याचे विस्तृत चरित्र त्यांनी लिहिले, त्या डॉक्टर जॉन्सनने १७५० ते १७५२ या दोन वर्षांत ‘रॅम्ब्लर’ हे निबंधपत्र आठवड्यातून दोनदा चालवले. त्याचे २०८ अंक निघाले आणि थोडे अपवाद सोडले तर ते त्याच्याच हातचे होते. त्याच काळात तो आपल्या प्रचंड शब्दकोशाचेही काम करीत होता. स्फूर्तीची वाट पाहून हे होणारे नव्हते. अंकाचा दिवस उजाडे आणि लिहावे लागे.

ठरलेली तारीख लेखकाला काय शिकवते? पहिली गोष्ट, पुरती तयारी होईपर्यंत थांबायचे नसते. विषयाचे ज्ञान आधी आणि लेखन मागाहून, हा क्रम आपण विद्यार्थ्यांना सांगतो; पण नेमाने लिहिणाऱ्याचा अनुभव बहुधा उलटा असतो. लिहायला बसल्यावरच आपल्याला काय ठाऊक नाही ते कळते आणि मग वाचनाला दिशा मिळते. दुसरी गोष्ट, एका अंकात जे साधले नाही त्याकडे पुढच्या अंकात परतता येते. विष्णुशास्त्र्यांनी पहिला निबंध लिहिला तो ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ आणि अखेरचा ‘आमच्या देशाची स्थिती’. मधल्या अंकांत वाचन, भाषांतर, इतिहास, वक्तृत्व असे विषय येऊन गेले. ही दोन शीर्षके शेजारी ठेवली की एका तरुण शिक्षकाचा प्रश्न भाषेपासून देशापर्यंत कसा रुंदावत गेला, ते दिसते.

मात्र नेमाची ही थोरवी सांगताना त्याची मर्यादा झाकणे योग्य नव्हे. सवयीने हात चालतो, तसा तो एकाच वळणाने चालू लागतो. जोतीराव फुल्यांवर ‘माले’त जी टीका आली, तिच्यात त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेचा उपहास भरपूर आहे, पण ‘गुलामगिरी’ने १८७३ साली जो प्रश्न उभा केला होता, त्याला भिडणारे उत्तर तिथे नाही. तीच धारदार लेखणी, तीच वाक्यांची फेक. फक्त विचार पुढे सरकत नाही. सातत्य लेखकाला ओघ देते, न्यायबुद्धी देतेच असे नाही. ती हवी असेल तर आपलेच मागचे अंक परक्याच्या डोळ्यांनी वाचण्याचा दुसरा नेम त्याला जोडावा लागतो.

या विचारातूनच आम्ही तिघा सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी एक साधी व्यवस्था केली. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी प्रत्येकाने सातशे-आठशे शब्दांचा एक निबंध आणायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. छापण्याची अट नाही, न आणण्याची सवलतही नाही. बालकवींची ‘औदुंबर’ आम्ही सारेच वर्गात शिकवीत आलो आहोत. तीविषयी लिहायचे ठरले तेव्हा ‘निसर्गचित्रातून उदासीनतेचा प्रत्यय’ हे वर्गात सहज खपणारे वाक्य कागदावर पुढे जाईना. ती उदासीनता आठ ओळींत नेमकी कुठे आहे, असा प्रश्न श्रोत्यांपैकी एकाने केला. मग पुन्हा पाहता दिसले की डोळा झऱ्यापासून गावाकडे, शेतांकडे आणि तिथून पांढऱ्या पायवाटेने काळ्या डोहाकडे नेला जातो. झाड येते ते अगदी शेवटच्या शब्दात. लाटांवरच्या काळिम्याला तर कवीने गोड म्हटले आहे! उदासीनता हा शब्द मग इतक्या सहज वापरता येईना. त्या महिन्याचा निबंध प्रश्नावरच थांबला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याने तो तिथूनच उचलला.

विद्यार्थ्यांनाही आता आम्ही सत्रान्ती एक मोठा प्रकल्प मागण्याऐवजी दर पंधरवड्यास एक पान मागतो. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यात चर्चा आहे ती अक्षराची, ओळींची, लेखणीची, शाईची. लेखन हे प्रथम हाताचे काम आहे, हे समर्थांनी किती सहज गृहीत धरले आहे! प्रतिभेची चिंता आपण थोडी मागे ठेवावी. एक तारीख ठरवावी, आणि ऐकून प्रश्न विचारील असा एक माणूस शोधावा. दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे. पण त्याच्यावाचून नेम पाठांतरासारखा होतो.