चंदेरी नॅट आणि उसाचं रान

रिमोटवर उडणारं लढाऊ जेट घ्यायचं ठरलं आणि निवडीपाशीच गाडी अडली. तयार फोमच्या विमानांची यादी उघडली की एफ-१६, मिग-२९, हॉक अशी रांग लागते, आणि प्रत्येकापुढे आकडे: ६४ मिलिमीटर, ८० मिलिमीटर, ४एस, ६एस. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला आकड्यांची भीती नसते, पण हे आकडे कशाचे तेच उमगेना. मिलिमीटर म्हणजे विमानाच्या पोटात नळीत बसवलेल्या पंख्याचा व्यास आणि एस म्हणजे बॅटरीतले सेल, हे कळेपर्यंत रविवार संपला. खरं टर्बाइनही मिळतं, केरोसीनवर चालणारं. त्याची किंमत लाखांत जाते, त्यामुळे तो विषय आमच्या घरात निघालाच नाही. आपलं जेट म्हणजे विजेची मोटर, समोरून हवा ओढायची आणि मागून जोरात सोडायची. मोटर पहिल्यांदा घरात फिरवली तेव्हा आतून आवाज आला, "मिक्सर कोण लावतंय या वेळी?"

मनात तीन विमानं होती. मिग-२१, कारण ते नाशिकजवळ ओझरला बनलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं त्याला निरोप दिला. हंटर, लोंगेवालाच्या लढाईतलं. आणि नॅट. कराडकराला नॅटची ओढ वाटायला कारण आहे. १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री आमचे यशवंतराव चव्हाण. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, एअर मार्शल अर्जन सिंग परवानगीसाठी आले आणि यशवंतरावांनी वेळ न दवडता ती दिली. त्या संध्याकाळी जुनी व्हँपायर गेली, त्यातली चार परतली नाहीत. मग पठाणकोटला नॅट आणली गेली आणि ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर पाकिस्तानी सेबर जेट पाडल्याची नोंद झाली. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सेबरांशी झुंजताना निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आलं, तेही नॅटमध्येच. हवाई दलाला मिळालेलं एकुलतं एक परमवीर चक्र त्यांचं. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीशी हात जोडून घरी येणाऱ्या माणसानं दुसरं काय निवडावं?

शासकीय अभियांत्रिकीत शिकणारा आमच्या कॉलनीतला पोरगा विमानं बनवतो. त्याला सांगितलं, तर तो हसला.

"काका, मिगचा विचार सोडा. त्रिकोणी पंख, उतरताना नाक वर धरून आणावं लागतं. नॅट करू, पण आधी ट्रेनर उडवा."

ट्रेनर म्हणजे पंख डोक्यावर असलेलं, हलकं, आळशी विमान. स्टिक सोडली की आपलं आपण सरळ होतं. मला ते खेळणं वाटलं. नॅट सोडून हे काय, असं मनात म्हणत मी संगणकावरच्या सिम्युलेटरवर ट्रेनर घेऊन बसलो आणि दोन मिनिटांत घामाघूम झालो. विमान पाठमोरं जाताना सगळं सोपं. ते वळून तोंडावर आलं की डावं उजवं होतं, उजवं डावं. डोकं सांगतं एक, बोटं करतात भलतंच. पोरानं एक युक्ती दिली: समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला ढकलायची, म्हणजे तो पंख उचलला जातो. विचार करायचा नाही. माझ्या मते या छंदातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच, आणि ते कुठल्या खोक्यावर छापलेलं नसतं.

तयार नॅट आम्हाला मिळालं नाही, म्हणून पोरानं फोमच्या शीटमधून कापलं. खऱ्या नॅटचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६.७३ मीटर, आमचं त्याच्या आठव्या हिश्शाचं, म्हणजे ८४ सेंटिमीटर. वजन किलोच्या आसपास. रंग चंदेरी, कारण फोटोत तसा होता आणि मी हट्ट धरला.

आता उडवायचं कुठं? कराडला विमानतळ आहे, कोयना धरणाच्या कामाच्या काळात बांधलेला. तिथल्या मोकळ्या रानाकडे माझा डोळा होता. पोरानं २०२१ चे ड्रोन नियम पुढे केले. सुरू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच पिवळा पट्टा, म्हणजे परवानगीशिवाय नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फूट. शिवाय डिजिटल स्कायवरचा नकाशा त्या दिवशी बघायचाच. दोन किलोच्या आतलं विमान हौसेसाठी उडवायला पायलटचं लायसन लागत नाही, एवढाच दिलासा. शेवटी मसूरच्या पलीकडचं ओळखीच्या शेतकऱ्याचं रान धरलं. ऊस तुटून गेलेला, पाचट पडलेलं, शेजारच्या तुकड्यात मात्र खोडवा उभा.

उडवण्याआधीचा कार्यक्रम लग्नाच्या तयारीला लाजवेल असा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून खूण केलेली असते. त्या खुणेखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढं सरकवायची, वेल्क्रो सोडवून पुन्हा चिकटवायची. अर्ध्या सेंटिमीटरसाठी पोरगा तीनदा झगडला. नाक थोडं जड चालतं, शेपूट जड चालत नाही. मग रेंज तपासायची, मग प्रत्येक पात्याची दिशा. बॅटरीचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास आणि फुगली तर वापरायची नाही. चार्जिंग घरात गॅसपासून लांब, कुणीतरी समोर बसूनच. त्या ड्युटीवर मी.

पाचटात जेटच्या टिचभर चाकांचं काय चालणार, म्हणून चाकंच नव्हती. हातानं फेकायचं. इथं मला खरं जेट कळलं. पुढं पंखा असलेल्या विमानात त्या पंख्याचा वारा थेट शेपटीवर येतो, म्हणून हातातून सुटताक्षणी ते ऐकायला लागतं. नळीतल्या पंख्याचा वारा शेपटीच्या पात्यांना शिवतच नाही. वेग येईपर्यंत स्टिक हलवून फायदा नाही. विमान हातातून सुटतं, गुडघ्यापर्यंत खाली बसतं, आणि आपला जीव म्हणतो, ओढ वर! ओढलं की संपलं: वेग मरतो, पंख हवा सोडतात. ते दोन सेकंद हात आवरून धरणं हेच सगळं शिक्षण. मग शिट्टी चढते, नाक आपणहून उठतं आणि नॅट उसावरून निघून जातं.

मुख्य ट्रान्समीटर पोराकडे, जोडीचा माझ्याकडे. त्यानं बटण सोडलं की विमान पुन्हा त्याचं. त्यानं उंचीवर नेऊन माझ्या हाती दिलं. छान वळलं. मग लांब गेलं आणि नाहीसं झालं. ढग नव्हता, ऊन होतं, पण निळसर-पांढऱ्या आकाशात ती चंदेरी वस्तू विरघळली. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. आठ सेकंदांत २०० मीटर, आणि तिथं ८४ सेंटिमीटरचा पंख म्हणजे एक रेघ.

"काका, कुठं बघताय? माझ्याकडं घेतलंय."

पोरानं आणलं आणि पोटावर उतरवलं. पंख्यात अडकलेलं पाचट चिमट्यानं काढत बसलो असताना सगळा उलगडा झाला. नॅट गाजलं ते त्याच्या लहान अंगामुळे. सेबरच्या वैमानिकांना ते वेळेवर दिसत नसे. जो गुण तिथं जीव वाचवायचा, तोच इथं माझा घात करत होता. मॉडेलसाठी विमान निवडताना इतिहास नंतर वाचावा. आधी बघावं, लांबून पंख आणि शेपूट वेगळी ओळखू येतात का, खालची बाजू वरच्यापेक्षा वेगळी दिसते का. हंटरचं मोठं अंग कदाचित बरं पडलं असतं.

पण विमान बदललं नाही, रंग बदलला. पोटाला नारिंगी पट्टे, एका पंखाखाली काळा चौकोन.

शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ राहतात. ते पट्टे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आम्ही हे विमान कुणाला दिसू नये म्हणून जपलं, आणि तुम्ही त्याला नवरदेव केलंत!" पुढच्या रविवारी मात्र ते स्वतःहून गाडीत बसले. फेकायचं काम त्यांनीच घेतलं, कारण हवा ओढणाऱ्या तोंडापुढे बोटं येऊ न देता विमान कसं धरायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक. फक्त वारा कुठून येतोय यावर त्यांचं आणि पोराचं जमत नाही. दोघं मूठभर माती उडवून भांडतात, आणि मी तोवर बॅटरी काढून ठेवतो.