भर उन्हात चंद्रपूर ते गडचिरोली

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशाच एका दुपारी धानाचे बियाणे भरून आमची जुनी डिझेल पिकअप मूलमार्गे गडचिरोलीला निघाली. सावली गाव मागे पडले आणि गाडी ओढेना. काटा लाल रेषेवर. चालक रेडिएटरचे झाकण उघडू लागला, तोच मी हात धरला. आतले उकळते पाणी उसळून तोंड भाजते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकते. मोहाखाली तासभर थांबलो. रेडिएटरची जाळी धूळ-पाचोळ्याने बुजलेली, पंख्याचा पट्टा ढिला, एअर फिल्टर मातीने भरलेला! सारे झाडले, पट्टा ताणला, निवल्यावर पाणी भरले. वैनगंगा सुखाने ओलांडली. शेतकरी बंधूंनो, बैलाचे खूर पाहता, तशी गाडीची जाळीही पाहात जा.