चारमिनारहून परकोटाकडे

दिवाळीच्या सुटीत आम्ही अमरावतीहून हैदराबादला गेलो. अम्मींचे गुडघे दुखतात. घोळक्यामागे धावणे त्यांना झेपले नसते. म्हणून आधीच फोन करून फक्त आमच्या घरच्यांसाठी गाईड ठरवला. चालायचे किती, बसायला जागा कुठे, नमाजसाठी कुठे थांबायचे आणि एकूण पैसे किती, हे बोलून घेतले. गर्दीमुळे जुम्याचा दिवस टाळला.

चारमिनारपासून निघालो. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये तो उभारला. शेजारची मक्का मशीद औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये पूर्ण झाली. अम्मी थांबल्या की गाईडसाहेबही थांबत. जुहरनंतर त्यांनी विचारले, "तुम्ही वऱ्हाडचे? मग निजामाने बांधलेला तुमच्या गावचा परकोट पाहिला असेलच!"

आम्ही गप्प. मुलगी आमच्याकडे पाहत राहिली.

परतल्यावर पहिल्याच रविवारी निघालो. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये हा परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैलांचा, दरवाजे पाच, खिडक्या चार. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आम्ही रोज रिक्षावाल्याला सांगतो. मान वर करून कधी पाहिले नव्हते.

जवाहर गेटपाशी अम्मी थबकल्या. "माझी शाळेची वाट इथूनच होती," म्हणाल्या आणि सांगतच राहिल्या. गुडघ्यांची आठवणही त्यांना झाली नाही.

आता पुढच्या महिन्यात अकोल्याचा असदगड. तिथे खालाजान राहतात. गाईड ठरला आहे. पैशांऐवजी दुआ द्यायची.