८५ जीबीचा ब्रॅकेट

मागच्या मे महिन्यात एका वीकांताला देवगडला घरी गेलो होतो. घरभर पेट्या, गवत आणि हापूसचा वास. शुक्रवारी पुण्याहून निघताना एका ब्रॅकेटचं ॲनालिसिस ऑफिसच्या सर्व्हरवर लावून आलो होतो. शनिवारी दुपारी सहकाऱ्याचा फोन. "अरे, डिस्क फुल्ल झालीय. माझा तीन दिवसांचा रन मेला. तुझी एक फाईल ८५ जीबीची आहे, माहितीये का तुला?"

नव्हतं माहीत. कधी बघितलंच नव्हतं.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडक्यात: फायनाईट एलिमेंट म्हणजे वस्तूचे कॉम्प्युटरवर लाखो बारीक तुकडे पाडायचे, भार थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि प्रत्येक पायरीला (तिला इन्क्रिमेंट म्हणतात) प्रत्येक तुकड्याचं काय होतंय ते काढायचं. माझ्या ब्रॅकेटचे ६ लाख तुकडे होते, दहा नोडवाले टेट्रा. एका तुकड्यात ४ ठिकाणी स्ट्रेस, त्याचे ६ घटक, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. करा गुणाकार! नुसता स्ट्रेस ५७.६ एमबी. स्ट्रेन तेवढाच. प्लास्टिक स्ट्रेन परत तेवढाच. बाकी किडूकमिडूक धरून एका इन्क्रिमेंटला २१० एमबीच्या वर, आणि इन्क्रिमेंट ४००.

अबॅकस स्टँडर्डला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर ते ही सगळी यादी दर इन्क्रिमेंटला लिहून ठेवतं. मी सांगितलं नव्हतं. आळस होताच, पण खरं कारण भीती. मीटिंगमध्ये कोणी भलतंच विचारलं तर? असू दे सगळं, लागलं तर... (त्या प्रोग्रॅममध्ये 'नोड प्रिंट', 'एल प्रिंट' अशा कमांड अजून आहेत. आकडे कागदावर छापून वाचायचे असते तर मी चारशे वेळा सगळं मागितलं असतं का?)

ती फाईल घरी उतरवायची म्हटली तर १० एमबीपीएसच्या लाईनवर १९ तास. तेही लाईट गेली नाही तर. लॅपटॉप घेऊन नेटवर्क शोधत सड्यावर गेलो. सर्व्हरवरच एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालवून हवे ते आकडे वेगळे काढले. ते भरले जेमतेम काही एमबी.

संध्याकाळी अण्णा पडवीत वही लिहीत होते. आमची दोनेकशे कलमं, पण वहीत फक्त सहा खुणेच्या कलमांची नोंद: मोहोर कधी आला, फवारणी कधी, पहिली काढणी कधी. इंजिनियर झाल्यावर मोठ्या उत्साहाने मी त्यांना म्हटलं होतं, प्रत्येक झाडाची एक्सेल शीट करून देतो. "सगळ्या कलमांचा लिवन काय करतलंस? वाचूक वेळ कोणाक आसा?"

माझे प्रश्न तरी किती होते? दोन. टोक किती भाराला किती सरकतं, आणि बोल्टच्या भोकाची कड यील्ड होते का. पहिल्यासाठी एकाच नोडचं हिस्टरी आउटपुट पुरतं. दर इन्क्रिमेंटला घेतलं तरी काही केबी. दुसऱ्यासाठी स्ट्रेस, प्लास्टिक स्ट्रेनचा एकच एकत्रित आकडा आणि सरकणं, तेही अख्ख्या रनमध्ये २० वेळा. दीड जीबीच्या आसपास. वीसएक मिनिटांत घरी.

पण फार चिक्कूपणाही नको. दोन वर्षांपूर्वी मी काँटॅक्ट प्रेशर लिहूनच ठेवलं नव्हतं. नेमकं तेच विचारलं गेलं, आणि ३१ तासांचा रन पहिल्यापासून. आता दर १०० इन्क्रिमेंटला रीस्टार्टची सोय ठेवतो. म्हणजे काही राहिलं तर तिथून पुढचा भाग नवी यादी देऊन चालवता येतो. या रीस्टार्ट फाईल्सही चांगल्याच जाड असतात, म्हणून 'ओव्हरले' लावायचं: शेवटची तेवढी राहते, आधीच्या पुसल्या जातात. सुरुवातीचंच काही हवं झालं तर मात्र बोंब.

८५ जीबीची फाईल डिलीट करताना, हवं ते सगळं काढून झालं होतं तरी, तीनदा हात थांबला.

सहकाऱ्याचा रन संध्याकाळी परत सुरू झाला. सोमवारच्या रिव्ह्यूपर्यंत तो पुरा होणं शक्यच नव्हतं. रिव्ह्यूत त्याने कारण फक्त "डिस्क" एवढंच सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. त्याच्यासाठी देवगडहून एक पेटी आणली होती. बुधवारपर्यंत ती माझ्याच घरी होती, आणि आंबे पिकत आले होते.