डॅशपुढचा सात

२०१४ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नवाच होतो. एका ग्रंथालयाची जुनी दप्तरं स्कॅन करून अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. फाइल नीट पोचली का, हे बघायला मी आपल्याकडच्या फाइलचा एमडी-फाइव्ह, म्हणजे मजकुरावरून ठरणारा ठसा, काढून एस-थ्रीच्या उत्तरातल्या ईटॅग या खुणेशी ताडत असे. लहान फाइली जुळल्या. मोठी एकही जुळेना. मी माझ्या वरिष्ठ मॅडमना सांगितलं, "मोठ्या फाइली खराब झाल्यात. सगळं परत चढवावं लागेल."

त्यांची नऊची बस होती, त्या निघाल्याच होत्या. खांद्यावरची पर्स त्यांनी टेबलावर ठेवली. "हेडर पूर्ण वाचलेस का?"

वाचले नव्हते. माझी स्क्रिप्ट फक्त 'नाही' म्हणत होती.

त्यांनी ५२ एमबीच्या एका फाइलसाठी हेड विनंती पाठवली. तिच्या उत्तरात फाइल येत नाही, नुसते हेडर, म्हणजे तिच्याबद्दलच्या माहितीच्या ओळी, येतात. कंटेंट-लेंग्थ बाइटन्‌बाइट बरोबर होती. ईटॅगच्या शेवटी मात्र डॅश आणि ७.

मग त्यांनी कागद ओढला. आमचं साधन मोठी फाइल ८ एमबीच्या तुकड्यांत पाठवत होतं: सहा पूर्ण, सातवा अर्धा. प्रत्येक तुकड्याचा एमडी-फाइव्ह १६ बाइटांचा. ते सात एकापुढे एक मांडायचे आणि त्या ११२ बाइटांचा पुन्हा एमडी-फाइव्ह काढायचा. पुढे तुकड्यांची संख्या. तसं केलं, आणि ईटॅग अक्षरन्‌अक्षर जुळला. फाइली धडधाकट होत्या.

"सर्व्हरनं सांगितलं होतं रे, तू ऐकलं नाहीस," त्या शांतपणे म्हणाल्या. जाता जाता हेडरमधल्या रिक्वेस्ट-आयडीच्या दोन्ही ओळी लॉगमध्ये उतरवायला लावल्या. अडचणीत अ‍ॅमेझॉनकडे मदत मागायला गेलं की आधी तेच क्रमांक विचारतात.

नऊची बस केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत.

ईटॅगचं गणित मला पुस्तकातही सापडलं असतं. पण दोष देण्याआधी समोरच्याचं सगळं उत्तर वाचायचं, ही सवय मला त्यांनीच लावली. मशीनपुरती शिकलेली ती सवय पुढे घरातही उपयोगी पडली.

आता संध्याकाळी निघताना एखादा नवा मुलगा "सर, डेटा गेला" म्हणत येतो. मी खांद्यावरची बॅग आधी खाली ठेवतो, मग विचारतो, "हेडर पूर्ण वाचलेस का?"