दोन जीपगाड्या

पसंती हा शब्द आपल्या घरांत मोठ्या मानाचा आहे. साडी असो, सोयरीक असो वा पेरणीचें बियाणें असो. चार गोष्टी पुढें मांडाव्या, उलटसुलट पाहाव्या आणि त्यांतली सर्वांत गुणी ती उचलावी, हीच पसंतीची रीत अशी आपली समजूत असते. मीही तिच्यावर विसंबून होतों. परंतु दोन जुन्या जीपगाड्यांपैकीं एक निवडण्याचा प्रसंग आला, आणि ही रीत पुरेशी नाहीं असें मला वाटूं लागलें.

आमचें अमडापूर हें चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. टेकडीवर बल्लाळदेवी, खालीं काळी जमीन आणि तींत कापूस व सोयाबीन. बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या मुलुखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करतात. आम्ही घाटावरचे, खामगांव घाटाखालचें. पावसाळ्यांत शेताच्या वाटेवरील चिखल चाकाला एकदां धरून बसला कीं सोडतां सोडत नाहीं. अशा मुलुखांत चारही चाकांनीं ओढणारी गाडी ही निव्वळ चैन म्हणतां येत नाहीं. तरीपण शिक्षकाच्या निवृत्तीनंतर हातीं आलेल्या रकमेंतून तिच्यासाठीं वांटा काढायचा म्हणजे जीव थोडा कचरतोच. अशी रक्कम आयुष्यांत एकदांच हातीं येते.

दोन्ही गाड्यांचें कूळ एकच, आणि तें अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धांत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. पुढें विलीजच्या परवान्यानें महिंद्र कंपनी त्या मुंबईंत बांधूं लागली. मीं पाहिलेल्या पहिल्या गाडींत विलीजचेंच 'हरिकेन' नांवाचें, सुमारें २,२०० घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन आहे. त्यांत हवा आंत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर बसविले आहेत. त्यामुळें इंजिनाची उंची वाढली, आणि तें मावावें म्हणून १९५३ सालच्या नव्या जीपचें बॉनेट उंच करावें लागलें. त्या गाडीचें जें उंच कपाळ पाहून जाणते लोक तिला दुरून ओळखतात, तें असें सोयीपोटीं जन्मलें. दुसरी गाडी वयानें लहान. तिच्यांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्यानें आपल्याकडे तयार झालेलें डीझेल इंजिन आहे. मापानें पहिल्याहून किंचित लहानच.

दोघींच्या स्वभावांतला भेद या इंजिनांत आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें सातपट दाबलें जातें आणि ठिणगीनें पेटतें. डीझेलमध्यें ठिणगी नाहीं. तेथें नुसती हवाच वीसपटीहून अधिक दाबतात. ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. या दाबामुळेंच तेल कमी जळतें. आणि या दाबामुळेंच तो खडखडाट होतो, ती थरथर हाडांपर्यंत पोंचते. म्हणजे गुण ठेवून दोष तेवढा काढून टाकावा, ही सोय नाहीं. दोघे एकाच पोटचे आहेत.

हा पेंच अमेरिकेंतल्या हौशी लोकांनाही चुकलेला नाहीं. तेथील कॉर्व्हेट ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार १९५३ सालीं निघाली. त्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या झाल्या. तिच्यांत सहा सिलिंडरांचें १५० अश्वशक्तीचें इंजिन होतें. १९५५ पासून तिला आठ सिलिंडरांचें जोरकस इंजिन मिळालें. देह तोच, नांव तेंच, आणि स्वभाव मात्र निराळा! पहिली घ्यावी कीं दुसरी, हें केवळ अश्वशक्तीच्या आंकड्यानें ठरत नाहीं.

आमच्या घरीं मुलाचें मत डीझेलच्या बाजूचें पडलें. शेती तो पाहतो. खताचीं पोतीं वाहायचीं, कापूस न्यायचा, तर कमी तेलांत काम करणारें इंजिन हवें. शिवाय तें दुरुस्त करणारा मिस्त्री कोठेंही भेटतो, हरिकेनचे भाग मात्र शोधीत फिरावे लागतात. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परीक्षकाच्या जुन्या सवयीनें मीं कागदावर दोघींना गुण दिले. डीझेल सहज पहिली आली.

पत्नीनें तो कागद वाचला व विचारलें, "अहो, पण आपण हिच्यांत बसून जाणार तरी कोठें?"

लोणारचें सरोवर, सिंदखेडराजा, खामगांवचे नातलग, अशीं नांवें मीं सांगितलीं. दोन्ही गाड्या घाटापर्यंत चालवून पाहण्याचें ठरलें. तिला कांहीं वर्षांपासून कमी ऐकूं येतें. डीझेलमध्यें मीं तिला, "चहा कोठें घ्यायचा?" असें दोनदां विचारलें. ती हंसून "हो" म्हणाली. पुढें मी गप्प बसलों, तीही बसली. पेट्रोलच्या गाडींत तिनेंच आपण होऊन एका शेतांतल्या तुरीची चौकशी केली; तीवरून माहेरची तूर निघाली, तीवरून तिच्या वडिलांची बैलगाडी, आणि मीं कधींही न ऐकलेली एक गोष्ट. लग्नाला अडतीस वर्षें झालीं आहेत.

पेट्रोलची गाडी मीं घेतली. तिचे दोष मला तोंडपाठ आहेत; ते मीं मुलाला स्वतःच वाचून दाखविले. शेताचा माल भाड्याच्या वाहनानें जाईल आणि तें भाडें माझ्या निवृत्तिवेतनांतून द्यावयाचें, असें आमचें ठरलें. त्याची नाराजी अजून पुरती गेलेली नाहीं, आणि ती रास्त आहे. गुणांच्या यादींत जी वस्तु पहिली येते ती घ्यावी, हा न्याय चांगला. परंतु वस्तूबरोबर तिचा दोषही घरांत राहावयास येतो. पेट्रोलचा दोष पैशाचा आहे. तो कमी फिरून भरून काढतां येईल. दुसऱ्या गाडीचा दोष भरून काढण्याइतकीं वर्षें आमच्याजवळ उरलेलीं नाहींत.